स्वतःच्या सर्व्हरवर चॅट, फाइली आणि मीटिंग: हार्डवेअर व इन्स्टॉलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड किंवा शेअरपॉइंट सर्व्हर, चॅटसाठी मॅटरमोस्ट किंवा झुलिप, व्हिडिओ मीटिंगसाठी जित्सी, यांपैकी काहीतरी आपल्याच सर्व्हरवर चालवायचं ठरलं, की पहिला फोन हार्डवेअरवाल्याला जातो आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन हातात पडतं. त्यात प्रोसेसर दणकट असतो, डिस्क जेमतेम असतात आणि बॅकअपचा उल्लेखच नसतो. तो फोन करण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे ३०० माणसं आहेत. केवढा सर्व्हर लागेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ३०० या आकड्यात नसतं. माणसं किती यापेक्षा एका वेळी ती काय करतात, हे आधी पाहायचं. सर्व्हर सरासरी दिवसाच्या मापाने घेतला की सरासरी दिवशीच चालतो. माप वाईटातल्या वाईट तासाचं घ्यायचं.

तो तास शोधायला तीन-चार प्रकारचे भार वेगळे करा. चॅटमध्ये भार जोडण्यांचा असतो. प्रत्येकाचा लॅपटॉप आणि मोबाइल सर्व्हरशी सतत जोडलेले राहतात. वर ब्राउझरमध्ये विसरून उघडी राहिलेली एखादी टॅब असतेच. म्हणजे ३०० माणसांच्या सहज ७००-८०० जोडण्या होतात. नुसत्या जोडलेल्या असताना त्या फारसं काही मागत नाहीत. खरी परीक्षा सर्व्हर रिस्टार्ट झाल्यानंतरच्या मिनिटात होते. तेव्हा सगळे एकदम परत जोडतात, न वाचलेले संदेश मागतात आणि डेटाबेसवर तुटून पडतात. आठवडाभर पाच टक्क्यांवर असलेला सीपीयू त्या मिनिटात शंभराला टेकतो. तिथे अडकला तर जोडण्या तुटतात, तुटल्या म्हणून परत येतात, आणि हे चक्र चालूच राहतं.

लिनक्समध्ये एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा बऱ्याच ठिकाणी मुळात १०२४ असते आणि प्रत्येक जोडणी त्यात मोजली जाते. सर्व्हरच्या पुढे उभा राहून जोडण्या आत पोचवणारा प्रॉक्सी प्रत्येक जोडणीमागे दोन धरतो: एक बाहेरची, एक आतली. ८०० जोडण्यांचे १६०० होतात, आणि प्रॉक्सीची एकच प्रोसेस असेल तर हिशेब तिथेच संपतो. हार्डवेअर रिकामं आणि लोक बाहेर ताटकळलेले, असा प्रकार दिसला तर ही मर्यादा आधी तपासा.

फाइलींचा भार डिस्कवर येतो, व्हिडिओचा नेटवर्कवर, आणि शोधाचा रॅमवर. या प्रत्येकाबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहेत. तरीही सुरुवातीला धरायला एक आकडा हवाच असेल, तर चॅट आणि फाइली मिळून ३०० माणसांसाठी ८ ते १६ कोअर, ६४ जीबी रॅम आणि एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडी (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्क), इथून मोजायला लागा. व्हिडिओ यात धरलेला नाही.

सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत 'किमान गरज' दिलेली असते. ती पुरत नाही का?

सॉफ्टवेअर सुरू होण्यापुरती पुरते. शेअरपॉइंट सर्व्हर २०१९ चं उदाहरण घ्या. १६ जीबी रॅम, ४ कोअरचा ६४-बिट प्रोसेसर, सिस्टिम ड्राइव्हवर ८० जीबी जागा, असं तिथे लिहिलेलं आहे. वाचून वाटतं की साधा पीसीही चालेल. पण हे माप एका सर्व्हरचं आहे, आणि खऱ्या वापरात एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे त्याचा डेटाबेस, वेगळ्या मशीनवर असतो. शोधाचं काम वाढलं की त्यालाही वेगळं घर लागतं. किमान गरजेच्या तक्त्याखालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय कोटेशन मागवू नका.

जास्त कोअर घ्यावेत की जास्त गीगाहर्ट्झ?

दोन्ही परवडत नसतील तर मध्यम कोअर आणि चांगला वेग. एका माणसाने एक पान उघडलं की ते काम बहुतेक वेळा एकाच कोअरवर होतं. कोअर वाढवले की जास्त माणसं सोसतील, पण एकेकट्या माणसाला पान लवकर उघडल्याचं जाणवणार नाही. सीपीयूवर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. या कामात तो क्वचितच आधी संपतो.

रॅमचा हिशेब कसा करायचा?

तुकड्यातुकड्याने. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या शेअर्ड बफरला (डेटा हाताशी ठेवायची त्याची स्वतःची जागा) एकूण रॅमचा सुमारे २५ टक्के भाग, ही बऱ्याच काळापासून चालत आलेली सुरुवातीची शिफारस आहे. उरलेली रॅम वाया जात नाही, ऑपरेटिंग सिस्टिम ती डिस्कवरच्या गोष्टी हाताशी ठेवायला वापरते. नेक्स्टक्लाउडसारखं पीएचपीवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर एका प्रोसेसला ५१२ जीबी नव्हे, ५१२ एमबी मर्यादा ठेवायला सांगतात (हा घोळ मी एका सेटिंग फाइलमध्ये खरोखर पाहिलेला आहे). अशा ४० प्रोसेस एकदम पूर्ण भरल्या तर २० जीबी गेले. रोज असं होत नाही, पण वाईट तासाला होतं.

शोधासाठी इलॅस्टिकसर्च लावणार असाल तर त्याच्या जावा हीपला (त्याने स्वतःसाठी राखलेली रॅम) त्या मशीनच्या निम्म्यापेक्षा जास्त रॅम देऊ नका, आणि हीप ३२ जीबीच्या खाली ठेवा. त्या रेषेच्या वर जावाचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) मोठे होतात आणि जास्त रॅम देऊन कमी पदरात पडतं.

रॅम ईसीसीच (चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणारी) घ्या. मेमरीतला एक बिट उलटला तर साधी रॅम काही बोलत नाही. ती चुकीची गोष्ट शांतपणे डेटाबेसात लिहिली जाते आणि तिथून बॅकअपमध्येही जाते.

डिस्क कोणत्या आणि किती?

माझ्या मते कोटेशनमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही, आणि खर्च कापायची वेळ आली की कात्री सगळ्यात आधी इथेच चालते.

चॅटमधला प्रत्येक संदेश हा डेटाबेसातला एक छोटा लेखन-व्यवहार असतो. 'संदेश गेला' असं सांगण्याआधी डेटाबेस डिस्कला विचारतो, 'खरंच लिहून झालं का?' ७२०० आरपीएमची फिरती डिस्क असे विखुरलेले व्यवहार सेकंदाला ७५ ते १०० च करू शकते. एसएसडी हजारांत करते. म्हणून डेटाबेस फिरत्या डिस्कवर ठेवायचा विचार सोडून द्या. मोठ्या, जुन्या, क्वचित उघडल्या जाणाऱ्या फाइलींसाठी मात्र फिरत्या डिस्क आजही चांगल्या.

एसएसडीतही फरक आहे. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर कॅशमधलं (तात्पुरत्या मेमरीतलं) लेखन पूर्ण करण्याएवढा कपॅसिटर नसतो. त्यामुळे एकतर ती डेटाबेसच्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देते आणि भयंकर हळू होते, नाहीतर खोटं उत्तर देते आणि वीज गेल्यावर डेटाबेस मोडतो. जाहिरातीतला वेग या दोन्ही वेळी उपयोगाचा नाही. पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेली एंटरप्राइझ एसएसडी घ्या आणि तिची झीज सोसण्याची क्षमता पाहा. १.९२ टीबीची डिस्क रोज एकदा पूर्ण लिहिता येईल आणि ते ५ वर्षं, असं म्हटलं असेल तर एकूण साधारण ३५०० टीबी लेखन झालं. ऑफिसच्या चॅटला हे भरपूर आहे.

रेडबद्दल, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा करायच्या पद्धतीबद्दल (पुढचा आकडा तिचा प्रकार): डेटाबेसला प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिणारा रेड १ किंवा रेड १०. रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी डिस्कवर चार क्रिया होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, दोन्ही नव्याने लिहा. रेड १० मध्ये दोनच होतात. सेकंदाला १०० व्यवहार करणाऱ्या चार डिस्क धरल्या तर लेखनाचे आकडे १०० आणि २०० असे निघतात, म्हणजे सरळ दुप्पट फरक. फाइलींच्या साठ्याला रेड ६ चालतो. मोठ्या फिरत्या डिस्कवर रेड ५ नको. एक डिस्क गेल्यावर नवीन भरायला तासन्‌तास, कधी दिवसही लागतात, आणि तेवढ्या काळात बाकीच्यांपैकी कुणीही दगा दिला तर सगळंच गेलं.

एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी चॅट आठवडाभर रडतखडत चाललं होतं. सगळ्यांनी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, दोन अपडेट मागे घेतले, एकदा रॅमही वाढवली. शेवटी कळलं की रेड कार्डवरची बॅटरी संपली होती, म्हणून कार्डाने लेखनाची कॅश स्वतःहून बंद केली होती. कार्डाने तसा इशाराही दिला होता. तो मेल ज्या पत्त्यावर जात होता, तो माणूस दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता.

फाइलींना जागा किती धरावी?

मोजायचं असं: माणूस दिवसाला सरासरी २० एमबी नवं काही टाकतो असं धरलं, तर ३०० माणसांचे दिवसाला ६ जीबी, आणि २५० कामाच्या दिवसांचे वर्षाला १.५ टीबी. तीन वर्षांचे ४.५ टीबी. हे झालं लोकांना दिसणारं. न दिसणाऱ्यात जुन्या आवृत्त्या, कचरापेटी, चित्रांच्या छोट्या प्रती आणि शोधाचा इंडेक्स येतात. एकच ४० एमबीचं प्रेझेंटेशन दिवसातून दहा वेळा सेव्ह करणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्यामुळे निम्मा भाग वर धरा, ६.७५ टीबी होतात. डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, म्हणून साडेआठ टीबीच्या आसपास वापरण्यायोग्य जागा लागेल. तुमचा दिवसाचा आकडा २० नसेल. जुन्या शेअर्ड फोल्डरची गेल्या वर्षभरातली वाढ पाहिली की खरा आकडा हाती येतो.

डिस्कवर ४ टीबी लिहिलेलं असतं आणि सिस्टिम ३.६४ दाखवते. कुणी फसवलेलं नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, सिस्टिम १०२४ च्या. पण हिशेबात हे धरलं नाही तर आठ टीबीला ७०० जीबीचा खड्डा पडतो.

रेड आहे. मग बॅकअप कशाला?

रेड डिस्क मेल्यावर कामाला येतो. माणसाच्या चुकीपुढे त्याचा उपयोग शून्य, कारण पुसलेली फाइल तो सगळ्या डिस्कवरून तत्परतेने पुसतो. स्नॅपशॉटचंही (साठ्याची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) तेच: तो त्याच साठ्यावर असेल तर साठा गेला की तोही गेला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजून मोडीत निघालेला नाही. त्यातली एक प्रत अशी हवी, जी सर्व्हरचा अॅडमिन पासवर्ड मिळालेल्या चोरालाही पुसता येणार नाही.

बॅकअप घेणं सोपं, तो परत येतो का हे पाहणं कंटाळवाणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमचा कोड ठेवायची सेवा) एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. मग एकेक बॅकअप पाहायला घेतला. रोजचा डेटाबेस डंप (पूर्ण प्रत) चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे बनतच नव्हता, आणि तसं कळवणारे मेल डीमार्कच्या (मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याचा आहे का हे तपासणाऱ्या) नियमात न बसल्याने नाकारले जात होते. सुदैवाने कुणीतरी सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट घेतलेला होता. त्यावरून डेटा परत आणायला १८ तासांच्या आसपास गेले, कारण तो ज्या मशीनवर होता तिथली डिस्क हळू होती. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं, म्हणून आज शिकायला मिळतं.

रिस्टोअरला किती वेळ लागेल?

हार्डवेअर घेतानाच काढायचा हा आकडा कुणीच काढत नाही. १ गीगाबिटच्या केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात. म्हणजे १ टीबीला सव्वादोन तास, आणि ६ टीबीला तेरा तासांहून जास्त, तेही कागदावर. लाखो बारीक फाइली असतील तर प्रत्यक्षात वेळ दुप्पट-तिप्पटही होतो. साहेबांना विचारा: दीड-दोन दिवस चॅट आणि फाइली बंद राहिल्या तर चालेल का? 'नाही' म्हणाले, की १० गीगाबिटचं कार्ड आणि बॅकअपसाठी वेगवान साठा या दोन ओळी कोटेशनमध्ये आपोआप येतात. एरवी त्याच ओळींसाठी भांडावं लागतं.

आणि डेटाबेस आधी परत आणा, फाइली नंतर. चॅट तासाभरात सुरू झालं की उरलेले बारा तास लोक सोसतात.

व्हिडिओ मीटिंग त्याच सर्व्हरवर चालवता येईल का?

पाच-सहा जणांची, कधीमधी असेल तर येईल. नाहीतर वेगळं मशीन ठेवा.

जित्सीसारखं सॉफ्टवेअर व्हिडिओ एकत्र कालवत नाही, आलेला प्रत्येक प्रवाह बाकीच्यांना पुढे ढकलतं. त्यामुळे सीपीयू वाचतो आणि नेटवर्क भरतं. २० जण, प्रत्येकाचा कॅमेरा १.५ एमबीपीएसने चालू. सर्व्हरकडे येणारे ३० एमबीपीएस. बाहेर जाताना प्रत्येकाला उरलेल्या १९ जणांचे प्रवाह, म्हणजे २८.५, गुणिले २०: ५७० एमबीपीएस. एका मीटिंगने गीगाबिटची केबल अर्ध्याहून जास्त भरली. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर लहान चौकटींना कमी दर्जाचा प्रवाह देतं आणि न दिसणाऱ्यांचे थांबवतं, म्हणून आकडा बराच खाली येतो. पण दोन मोठ्या मीटिंग एकाच वेळी असतील तर खाली आलेलाही जड जातो. घरून जोडणारे असतील तर हा भार ऑफिसच्या इंटरनेटच्या अपलोडवर येतो, आणि डाउनलोडच्या वेगाची फुशारकी तिथे कामाची नाही.

फायरवॉलवाल्याला आधीच सांगा: जित्सीच्या व्हिडिओला यूडीपी १०००० पोर्ट लागतं. ते बंद असलं की मीटिंग उघडते, नावं दिसतात, दोन माणसांत बोलणंही होतं, पण तिसरा आला की आवाज आणि चित्र गायब. याचं कारण दोघांत जोडणी थेट होते, तिसरा आल्यावर सगळं सर्व्हरमार्गे जातं. हे लक्षण ओळखून ठेवा, अर्धा दिवस वाचेल. जिथे यूडीपीच बंद आहे अशा ठिकाणाहून जोडणाऱ्यांसाठी टर्न सर्व्हर (दुसऱ्या वाटेने व्हिडिओ पोचवणारा मध्यस्थ) लावावा लागतो.

रेकॉर्डिंग हवं असेल तर पुन्हा वेगळं मशीन. तिथे मात्र सीपीयू खरोखर जळतो.

व्हर्च्युअल मशीन की थेट हार्डवेअरवर?

व्हर्च्युअल, म्हणजे एकाच हार्डवेअरवर सॉफ्टवेअरने उभी केलेली अनेक मशीन. हार्डवेअर बदलताना सोपं पडतं, आणि डेटाबेस, अॅप, शोध वेगळे ठेवता येतात. या मशीनांना सीपीयू थोडा जास्तीचा वाटून दिला तरी निभावतं. रॅम मात्र आहे त्यापेक्षा जास्त वाटून देऊ नका. व्हिडिओच्या मशीनला कोअर राखून द्या, नाहीतर शेजारच्या मशीनवर बॅकअप सुरू झाला की मीटिंगमधल्यांचा आवाज तुटायला लागतो. कोणता हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा हे ठरवताना परवान्याची पद्धत पुढच्या पाच वर्षांत बदलू शकते हे धरा. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायझर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमचे परवाने विकणं थांबलं आणि अनेकांना हिशेब नव्याने मांडावे लागले.

डॉकरबद्दलही (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या तयार डब्यात चालवायची सोय) विचारतात. चालेल. फक्त 'लेटेस्ट' असा टॅग लावू नका, आवृत्तीचा नेमका आकडा लिहा. आणि डेटा कंटेनरच्या आत राहिलेला नाही ना, हे कंटेनर एकदा पुसून पाहिल्याशिवाय मानू नका.

एक सर्व्हर पुरे की क्लस्टर हवा?

'कधीच बंद पडता कामा नये' असं सगळेच म्हणतात. वर्षभरात ९९.९ टक्के चालू म्हणजे पावणेनऊ तास बंद चालतं. ९९.९९ म्हणजे फक्त सुमारे ५३ मिनिटं. या दोहोंतला फरक खर्चात प्रचंड आहे आणि माणसांत त्याहून जास्त, कारण रात्री दोनला उठून क्लस्टरचं भांडण सोडवणारा कुणीतरी लागतो.

क्लस्टर म्हणजे एकमेकांची जागा घेणारे, मिळून काम करणारे सर्व्हर, आणि तो दोनाचा होत नाही. दोघांमधली केबल तुटली की दोघांनाही वाटतं दुसरा मेला, आणि दोघेही लिहायला लागतात. बहुमतासाठी तिसरा हवा, छोटा असला तरी. त्यात डेटाबेसची प्रतिकृती, सामायिक साठा, पुढे जोडण्या वाटून देणारा लोड बॅलन्सर हे सगळं दुहेरी केलं आणि स्विच एकच ठेवला, तर कुठे काय मिळालं?

माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. काही शे माणसांच्या ऑफिसला एक चांगला सर्व्हर, त्याच्याजोगाच पण थोडा हलका दुसरा तयार ठेवलेला, आणि दर तीन महिन्यांनी करून पाहिलेलं रिस्टोअर, हे अर्धवट समजलेल्या क्लस्टरपेक्षा कमी वेळा बंद पडतं.

सर्व्हर कुठे ठेवायचा? कपाटाशेजारी चालेल का?

आवाजामुळेच कुणी ठेवू देणार नाही. चपट्या १यू सर्व्हरचे छोटे पंखे पूर्ण वेगात फिरले की खोलीत बोलता येत नाही.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे: जेवढे वॅट आत जातात तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते. १ वॅट म्हणजे तासाला ३.४१२ बीटीयू. रॅकमध्ये ३ किलोवॅट असतील तर दहा हजार बीटीयूंच्या थोडं वर, म्हणजे एका टनाच्या एसीचं जवळजवळ सगळं काम. १८ ते २७ अंश सेल्सियस हा सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी सुचवलेला पट्टा आहे. खोलीच्या मध्यात लावलेला थर्मामीटर रॅकच्या मागची गरम हवा पुढे वळतेय का, हे सांगत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीचा एसी बंद होतो का, हे वॉचमनला विचारा. आयटीवाल्यांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

यूपीएसवर व्हीए लिहिलेले असतात, सर्व्हर वॅट खातो. १५०० व्हीएचा यूपीएस पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर ९०० वॅटच देतो, ०.९ असेल तर १३५०. लेड-अॅसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत संपतात. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते दोन वेगळ्या वाटांनी वीज यावी म्हणून. दोन्ही प्लग एकाच यूपीएसमध्ये लावलेले मी इतक्या वेळा पाहिलेत की आता रॅक उघडला की आधी वायरींच्या मागे हात जातो. यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल अशी सोय करा.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी हातात काय काय तयार हवं?

सगळ्यात आधी नाव. सर्व्हर कोणत्या नावाने ओळखला जाणार हे ठरल्याशिवाय इन्स्टॉलर चालवू नका. मॅट्रिक्स या चॅट पद्धतीच्या सिनॅप्स सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं नाव नंतर बदलताच येत नाही. प्रत्येक माणसाच्या ओळखीतच ते शिरलेलं असतं. बाकी सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतं, पण जुन्या लिंका मरतात. चाचणीपुरतं म्हणून दिलेलं नाव पाच वर्षं टिकतं, हेही लक्षात असू द्या. तेच नाव ऑफिसच्या आतून आतला पत्ता आणि बाहेरून बाहेरचा पत्ता दाखवेल अशी डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणारी सोय) मांडणीही आधीच हवी.

मग टीएलएस सर्टिफिकेट, म्हणजे हा सर्व्हर खरा आहे हे ब्राउझरला पटवणारं ओळखपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरण आपोआपच व्हायला हवं. विकत घेतलेलं वर्षभर टिकायचं, ते दिवसही गेले: ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांनी २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस आहे. कॅलेंडरात आठवण लावून हाताने बदलणारी पद्धत यात टिकणार नाही.

घड्याळ जुळलेलं हवं. कर्बेरॉस या लॉगिनच्या पद्धतीला मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि मोबाइलवरचा लॉगिन कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. 'पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही' ही तक्रार सगळ्यांचीच एकदम आली, तर घड्याळ पाहा.

मेल पाठवायची सोय, एलडीएपी किंवा जे काही लॉगिनचं केंद्र असेल त्याचं वाचनापुरतं खातं, आणि सर्व्हर दुरून चालू-बंद करायच्या रिमोट मॅनेजमेंट पोर्टसाठी वेगळं नेटवर्क, एवढं उरतं. तो पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे सर्व्हर रूमची किल्ली दाराबाहेर टांगणं.

मराठी मजकुराचा हार्डवेअरशी काही संबंध येतो का?

हार्डवेअरशी थोडा, इन्स्टॉलेशनशी फार. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव २५५ बाइटांपेक्षा मोठं चालत नाही. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी त्यात मोजली जातात. 'दुसऱ्या तिमाहीच्या आढावा बैठकीचे अंतिम सुधारित इतिवृत्त' छापाची, पण याहून लांब नावं देणाऱ्यांच्या फाइली विंडोजवरून येताना इथे अडकतात.

डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर पहिल्याच दिवशी यूटीएफ८एमबी४ निवडा. नुसता जुना यूटीएफ८ तीन बाइटांपर्यंतच जातो. मराठी त्यात मावते, पण कुणी हसरा चेहरा टाकला की संदेश अडकतो किंवा कापला जातो, कारण इमोजीला चार लागतात.

शोधात आणखी एक खोच. 'दुसऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून आलेला मजकूर इंडेक्समध्ये जाण्याआधी एका रूपात आणला नाही, तर समोर दिसणारा शब्द शोधून सापडत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी आयसीयू प्लगइन आहे. खात्री करायची तर दोन वेगळ्या फोनवरून 'पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या', 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांना' असे संदेश टाका आणि शोधा.

लाइव्ह करण्याआधी काय तपासायचं?

डिस्कचा वेग एफआयओ या प्रोग्रॅमने मोजा, छोट्या आणि सक्तीने लिहून घेतलेल्या लेखनाचा. मोठ्या फाइलीचा वेग पाहून खूश होऊ नका. मग तीसेक माणसांना दोन आठवडे खरं काम त्यावर करायला लावा, त्यात कुरकुर करणारे दोघं तरी असू द्या. आणि त्या काळात एकदा खरोखर प्लग ओढा: आधी एका पॉवर सप्लायचा, मग एका डिस्कचा, शेवटी सगळ्याचा. हातपाय थरथरतात, पण डेटा नसताना थरथरलेले बरे.

अपडेट किती वेळा? जुनी आवृत्ती चालत असेल तर हात का लावायचा?

कारण या सॉफ्टवेअरमागे चोर लागलेले असतात. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज (मेल), जून २०२२ मध्ये कॉन्फ्लुअन्स (ऑफिसचं विकी), जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंट: प्रत्येक वेळी स्वतःच्या जागेत ठेवलेले, इंटरनेटवर उघडे सर्व्हर झपाट्याने फोडले गेले. बाहेरून वापरायचंच असेल तर व्हीपीएनच्या मागे ठेवा. सुरक्षेचा पॅच आला की दिवसांत लावा, आठवड्यांत नाही.

मोठ्या आवृत्त्या मात्र एकेक पायरी चढायच्या. नेक्स्टक्लाउड मधली मोठी आवृत्ती गाळू देत नाही. तीन वर्षं हात न लावलेला सर्व्हर एका शनिवारी वर आणायचा तर शनिवार-रविवार दोन्ही जातात.

पोस्टग्रेस चालत असलेलं लिनक्स एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर नेताना सावध राहा. लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. त्याआधी बनलेले इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले राहतात, डेटाबेस नव्या क्रमाने शोधतो, आणि असलेली नोंद 'नाही' म्हणून सांगतो. कुठेही एरर येत नाही. रीइंडेक्स केलं की प्रश्न मिटतो, पण करायला हवं हे माहीत असावं लागतं.

एवढा व्याप करण्यापेक्षा क्लाउडवर का नको?

सर्व्हरकडे पाहणारी दोन माणसं नसतील तर क्लाउडच बरं. एक माणूस पुरत नाही, तो रजेवर जातो. डेटा बाहेर जाऊ द्यायचा नाही अशी अट असेल, इंटरनेट भरवशाचं नसेल, किंवा फाइली अवाढव्य असतील, तर स्वतःचं हार्डवेअर शोभतं. फक्त क्लाउड म्हणजे बॅकअप असं समजू नका. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमधलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा परत आला नाही.

नवा आल्यावर जुन्या सर्व्हरचं काय करायचं?

विकू नका. त्यावर दर तीन महिन्यांनी कालचा बॅकअप रिस्टोअर करून पाहा, घड्याळ लावून. किती वेळ लागला तो आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या कोटेशनला जोडा. मशीन खरंच मोडीत निघालं, तर डिस्क काढून घ्या, पुसा, आणि पुसल्या जात नसतील तर भोक पाडा.